नागपुरात आखलेली मुंबई–गोवा सागरी वाट

बुधवार, नागपूर

दादाची शिडाची नौका मुंबई बंदरातून गोव्यातील मुरगावला न्यायची होती. जानेवारीअखेरचा आठवडा त्याने पक्का केला होता; नेमका दिवस काढण्याचे काम मात्र नागपुरात बसलेल्या माझ्याकडे आणि माझ्या भाच्याकडे सोपवले होते. समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला खिडकीतून लाटा दिसतात आणि त्या पाहून तो लवकर हुरळतो किंवा लवकर घाबरतो, आम्हा नागपूरच्या धंतोलीकरांना तो मोह नसल्यामुळे आमचा निर्णय आकड्यांवर होईल, असे दादाचे म्हणणे होते. त्याने ते थट्टेने म्हटले असले तरी त्यात तथ्य आहे, असे मला वाटते.

मुंबई ते मुरगाव हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचे आहे. पाच नॉटचा, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांचा, सरासरी वेग धरला तरी दोन दिवस आणि दोन रात्री लागतात, शिवाय वारा पडला तर आणखी काही तास. ऋतू अनुकूल होता. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन्ही हंगाम, म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, टळलेले होते. हे आवर्जून लिहितो, कारण कोकण किनारा सुरक्षित आहे या समजुतीला ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ आलेल्या निसर्ग वादळाने आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने तडा दिला. तौक्तेच्या वेळी मुंबईच्या पश्चिमेकडील तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज (कामगारांच्या निवासाची तराफ्यासारखी सपाट नौका) बुडून अनेक कामगार दगावले. त्या वादळाचे इशारे आधीच दिले गेले होते. अंदाज उपलब्ध असणे आणि तो वेळेवर निर्णयात उतरणे यांत केवढे अंतर असू शकते, याचे याहून विदारक उदाहरण आपल्या किनाऱ्यावर नसावे.

संध्याकाळी भाच्याने संगणकावर दोन मॉडेल, म्हणजे हवामानाचे गणित करून अंदाज देणाऱ्या दोन प्रणाली, शेजारी शेजारी उघडली. एक अमेरिकेचे जीएफएस, जे दिवसातून चार वेळा चालते आणि सोळा दिवसांपर्यंतचे चित्र देते. दुसरे युरोपीय हवामान केंद्राचे, साधारण नऊ किलोमीटरच्या जाळीचे, म्हणजे तेवढ्या चौकटींत नकाशा विभागून गणित करणारे. विंडीसारख्या ॲपवर दोन्ही पाहता येतात, पण ॲप म्हणजे अंदाज नव्हे; ॲप फक्त कुणाचा तरी अंदाज रंगवून दाखवते. म्हणून मी भाच्याला पहिली सवय लावली ती मॉडेलचे नाव आणि ते कोणत्या वेळेच्या निरीक्षणांवर चालले हे वहीत लिहिण्याची. या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. शून्य वाजताचे चालन (मॉडेलच्या गणिताची एक फेरी) म्हणजे आपल्याकडील पहाटेचे साडेपाच, आणि गणित पूर्ण होऊन जीएफएसचे पूर्ण चित्र हाती येईपर्यंत सकाळचे दहा-साडेदहा वाजतात. युरोपीय मॉडेलसाठी दुपारपर्यंत थांबावे लागते. सकाळी सात वाजता चहाबरोबर जो ‘ताजा’ अंदाज आपण पाहतो, तो बहुतेक वेळा आदल्या रात्रीचा असतो.

दोन्ही मॉडेल एका गोष्टीवर सहमत होती: उत्तर भारतावरून एक पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी हवामानाची यंत्रणा) सरकणार होता आणि त्याच्या पाठोपाठ कोकण किनाऱ्यावर वायव्येचा वारा जोर धरणार होता. जीएफएसच्या मते हे मंगळवारी दुपारी घडणार होते, तर युरोपीय मॉडेलच्या मते बुधवारी. दक्षिणेकडे जाणाऱ्या नौकेला वायव्येचा वारा पाठीशी मिळतो, म्हणून भाच्याला ही आनंदाची बातमी वाटली. वाऱ्यापुरती ती होतीही. प्रश्न त्याबरोबर येणाऱ्या लाटांचा होता.

गुरुवार, नागपूर

पहाटे भाच्याला घेऊन सोनेगावच्या बाजूला गेलो. विमानतळाजवळ भारतीय हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे आणि तेथून पहाटे हायड्रोजन भरलेला फुगा सोडला जातो. त्याला बांधलेले छोटे उपकरण हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता मोजत वर जाते, त्याच्या सरकण्यावरून प्रत्येक उंचीवरचा वारा कळतो आणि वीस-तीस किलोमीटरवर कुठेतरी फुगा फुटतो. आम्हाला तो रस्त्यावरून अंधारात दिसला नाही, आणि दिसावा अशी फारशी अपेक्षाही नव्हती. मला भाच्याला एवढेच सांगायचे होते की, असे फुगे जगभर ठरावीक वेळी सुटतात, त्यांची निरीक्षणे काही वेळातच सर्व हवामान केंद्रांना मिळतात, आणि रत्नागिरीसमोरच्या समुद्रावर मंगळवारी वारा किती असेल हे सांगणाऱ्या गणितात नागपूरच्या आकाशाचाही वाटा असतो. उघड्या समुद्रावर असे फुगे सोडायला जवळपास कुणीच नाही. तेथील माहिती मुख्यतः उपग्रह, जहाजे आणि तरंगत्या बोयांकडून येते. आपल्यासाठी हे महत्त्वाचे, कारण पश्चिमेकडून येणारी यंत्रणा जमिनीवर पोहोचली आणि फुग्यांच्या टप्प्यात आली की मॉडेलांमधला मतभेद बहुधा मिटू लागतो.

दुपारी नवी चालने आली. जीएफएस मंगळवारवर ठाम होते, युरोपीय मॉडेल बुधवार सकाळपर्यंत अलीकडे सरकले होते. भाच्याने विचारले, “मामा, यातलं खरं कोणतं मानायचं जी?” हा प्रश्न सगळेच विचारतात आणि माझ्या मते तो चुकीच्या जागी विचारला जातो. दोन मॉडेलांमधील फरक हीच माहिती असते. चोवीस तासांचा फरक म्हणजे वाऱ्याच्या आगमनाबद्दल निदान तेवढी अनिश्चितता आहे, आणि आपली योजना त्या चोवीस तासांत कुठेही वारा आला तरी टिकली पाहिजे.

हीच गोष्ट अधिक शिस्तीने पाहायची तर समूह-अंदाज पाहावेत. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फेरफार करून एकच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात. अमेरिकी समूहात असे ३१ सदस्य आहेत आणि युरोपीय समूहात ५१. जयगडजवळचा एक बिंदू निवडून आम्ही सर्व सदस्यांच्या वाऱ्याच्या रेषा एका आलेखावर पाहिल्या. सोमवारपर्यंत त्या एकमेकींना चिकटून होत्या, मंगळवार सकाळनंतर फाकू लागल्या आणि बुधवारी त्यांचा पसारा दहापासून अठ्ठावीस नॉटपर्यंत गेला. अशा पसाऱ्याची सरासरी काढून ‘अठरा नॉट’ असे म्हणणारा माणूस कागदावर बरोबर असतो, पण सरासरी वारा कोणत्याच नौकेला भेटत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, मे २०२५ मध्ये सुरू झालेली सहा किलोमीटर जाळीची भारत पूर्वानुमान प्रणालीही भाच्याला पाहायची होती. मी होकार दिला, पण आणखी एक मॉडेल जोडले म्हणून निर्णय आपोआप सोपा होत नाही, हेही सांगून ठेवले.

शुक्रवार, नागपूर

आजचा दिवस बेरीज-वजाबाकीचा होता. मॉडेलमधला वारा हा समुद्रसपाटीपासून दहा मीटर उंचीवरचा सरासरी वारा असतो. झोत, म्हणजे वाऱ्याचे क्षणिक झटके, त्याहून तीस-चाळीस टक्के अधिक असू शकतात, म्हणून बावीस नॉट दिसले की शिडाची आखणी तीस नॉटसाठी करावी. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंधरा नॉटचा वारा एकवीस झाला तर आकड्यात सहाचीच भर पडते, पण शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. लाटांचे तसेच आहे. अंदाजात दिलेली ‘लाटांची उंची’ ही सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. दोन मीटरच्या समुद्रात अधूनमधून साडेतीन-चार मीटरची लाट आली तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही.

मग नकाशावर निर्णयाच्या जागा ठरवल्या. मुंबईपासून सुमारे शंभर मैलांवर जयगड, जिथे शास्त्री नदीच्या मुखातून आत शिरले की समुद्राची लाट मागे राहते. त्याच्या पुढे रत्नागिरी आणि विजयदुर्ग. जयगडला पोहोचल्यावर पुढे जायचे की थांबायचे हे त्या वेळच्या नव्या चालनावर ठरेल, आणि दोन मॉडेलांपैकी जे वाईट सांगेल तेच प्रमाण मानले जाईल, असे दादाशी फोनवर बोलून वहीत लिहिले. निकष आधीच लिहून ठेवण्याचा फायदा असा की, थकलेल्या अवस्थेत त्यावर वाद होत नाही.

भाचा नागपुरातच थांबणार होता. किनाऱ्यापासून दहा-बारा मैलांपलीकडे मोबाइलचा भरवसा नसतो, आणि आपल्या देशात परवानगीविना उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे संच बाळगणे बेकायदा आहे. परदेशी खलाशी ज्या साधनांना गृहीत धरतात ती इथे चालत नाहीत. म्हणून भाच्याने रोज सकाळी आणि रात्री ठरावीक साच्यात साधा एसएमएस पाठवायचा होता: वार आणि तास, वाऱ्याची दिशा, वेग, झोत, लाटेची उंची, कालावधी (लागोपाठच्या दोन लाटांमधले सेकंद), दिशा, आणि शेवटी दोन्ही मॉडेल जुळतात की नाही. इंटरनेट चालत नाही तेथेही असा चार ओळींचा मजकूर क्षणभर मिळालेल्या सिग्नलवर उतरतो. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने निघालो.

शनिवार, मुंबई

नौकेवर सामान चढवण्यात दिवस गेला, त्याचे वर्णन करण्यासारखे काही नाही. दोन उपकरणांबद्दल मात्र लिहिले पाहिजे.

पहिले नॅव्हटेक्स. ५१८ किलोहर्ट्झवर किनारी केंद्रे दर चार तासांनी आपापल्या दहा मिनिटांच्या पाळीत इंग्रजी मजकूर प्रसारित करतात आणि नौकेवरचा लहानसा संच तो आपोआप टिपतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वेरावळ आणि वेंगुर्ला येथे अशी केंद्रे आहेत. नको असलेले संदेश बंद करता येतात, पण नौकानयनाचे इशारे, हवामानाचे इशारे आणि शोध-बचावाचे संदेश बंद करता येत नाहीत, आणि ही सक्ती योग्यच आहे. फोनच्या पडद्यावरच्या रंगीत नकाशापुढे हा कोरडा मजकूर जुनाट वाटतो. पण तो हवामान खात्याच्या अधिकाऱ्याने मॉडेल, उपग्रहचित्रे आणि निरीक्षणे पाहून काढलेला निष्कर्ष असतो, आणि मॉडेलचा थेट आकडा व माणसाने तपासलेला अंदाज यांत मी नेहमी दुसऱ्याला अधिक वजन देतो.

दुसरे बॅरोमीटर. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो, आणि हा फरक सुमारे तीन हेक्टोपास्कलचा असतो. हे ठाऊक नसलेला माणूस रोज दुपारी वादळाची शंका घेईल. म्हणून आजच्या चारची तुलना कालच्या चारशीच करायची. तशी तुलना केल्यावरही दाब नेहमीपेक्षा तीनने घसरलेला दिसला तर सावध व्हावे आणि पाचने घसरला तर जवळपास वादळ आहे असेच समजावे, हा खलाशांचा जुना नियम आजही उपयोगाचा आहे.

संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या संस्थेचा सागरी स्थितीचा अंदाज पाहिला. मंगळवार रात्रीपासून वायव्येकडून दोन मीटरची, आठ सेकंदांच्या आसपासची लाट दाखवली होती. हिवाळ्यात अरबस्तानाच्या परिसरात वाहणारे वायव्येचे शमाल वारे जी लाट उठवतात ती दूरवरून आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. आठ सेकंदांच्या लाटांचा समूह खोल समुद्रात साधारण बारा नॉटने पुढे सरकतो, म्हणजे नऊशे मैलांवरची लाट तीन दिवसांनी इथे पोहोचते; तिचा इथल्या वाऱ्याशी संबंध असेलच असे नाही. या वेळी मात्र स्थानिक वारा आणि दूरची लाट जवळजवळ एकाच वेळी येणार होते, आणि आपली चिंता हीच होती. रविवारी पहाटे निघायचे ठरले.

रविवार आणि सोमवार, समुद्रावर

ओहोटीबरोबर बंदर सोडले, प्रॉन्ग्स दीपगृह उजवीकडे मागे पडले आणि खांदेरी ओलांडेपर्यंत इंजिनच चालवावे लागले. दुपारी एकनंतर खारे वारे सुरू झाले. अंदाजात अकरा-बारा नॉट होते, प्रत्यक्षात चौदापर्यंत गेले, दिशा अचूक वायव्य.

रात्र अधिक बोलकी ठरली. मॉडेलनुसार रात्री अकरानंतर उत्तरेकडून जेमतेम चार नॉट मिळायचे होते. मुरूड मागे टाकल्यावर पूर्वेकडून थंड, कोरडा वारा आला आणि पहाटेपर्यंत आठ-दहा नॉटवर टिकून राहिला. हा मतलई वारा. नऊ किंवा तेरा किलोमीटरच्या चौकटीत किनारा आणि त्यामागचा सह्याद्री ओबडधोबड पायऱ्यांसारखा उतरतो, त्यामुळे असा अरुंद पट्ट्यातला वारा मॉडेलला नीट दिसत नाही. दादाने तो आधीच गृहीत धरून किनाऱ्यापासून दहा मैलांची वाट निवडली होती: याहून बाहेर गेलो तर मतलई विरतो, आणि याहून आत आलो तर मच्छीमारांची जाळी आणि त्यांचे लुकलुकणारे दिवे चुकवत रात्र काढावी लागते. मॉडेलचा दोष ठाऊक असला तर तोही वापरता येतो, याचे हे चांगले उदाहरण होते. रात्री दोनच्या सुमारास फोनवर सिग्नलची एक रेघ आली आणि भाच्याचा संदेश उतरला: “मंगळ १७ वाजता, वायव्य २३, झोत ३१, लाट २.० मी., ८ से., वायव्य. दोन्ही जुळतात.”

सोमवारी सकाळी जयगडचे दीपगृह समोर आले. आता निर्णय. मुरगाव तेथून आणखी एकशे पंधरा मैल होते. पाच नॉट टिकवले तर मंगळवारी सकाळी, म्हणजे वाऱ्याच्या आधी काही तास पोहोचता आले असते. दादाला जावेसे वाटत होते. पण सकाळचा वारा पडला होता, इंजिनसह आमचा वेग चारच्या पुढे जात नव्हता, आणि त्या वेगाने गणित मंगळवारच्या दुपारपर्यंत लांबत होते. म्हणजे वेंगुर्ल्याच्या खडकांच्या आसपास वाढता वारा आणि लाट एकत्र गाठणार होती. भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, “मामा, नव्या चालनात तीन तास अलीकडे सरकलं आहे.” वहीतला निकष दोघांनी वाचला आणि नौका शास्त्री नदीत वळवली.

मंगळवार आणि बुधवार, जयगड

मंगळवारची दुपार निवांत गेली. तीन वाजता आकाश स्वच्छ, वारा बारा नॉट. दादा दर अर्ध्या तासाने माझ्याकडे पाहत होता. चारच्या सुमारास मच्छीमार बोटी एकामागून एक आत येऊ लागल्या. एका तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) विचारले की, बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे खराब हवामानाच्या इशाऱ्याचा, बावटा लागला आहे का. तो म्हणाला, “बावटा नाय लागला, पण बाहेर पाणी उठलंय, जाळी ओढायला होत नाय.” त्याने उत्तरेकडच्या बोटींचे बोलणे वायरलेसवर ऐकले होते, तिकडे वारा दुपारीच वाढला होता. हा सुद्धा अंदाजच, आणि तीन-चार तासांच्या पल्ल्यासाठी याच्याइतका विश्वासार्ह अंदाज कोणतेही मॉडेल देत नाही: वारा ज्या दिशेने येणार त्या दिशेला जे आहेत त्यांना विचारणे.

साडेसहाला वारा आला. नदीत आम्हाला पंचवीसचे झोत मिळाले; टेकडीवर चढून पाहिले तेव्हा समुद्र क्षितिजापर्यंत पांढरा झाला होता. जीएफएसने सहा दिवस आधी मंगळवार म्हटले होते, पण म्हणून ते मॉडेल श्रेष्ठ ठरत नाही. पुढच्या वेळी उलटेही होईल.

बुधवारी दुपारी वारा चौदावर उतरला. दादाने लगेच शिडाचे आवरण काढायला घेतले. मी इन्कॉइसचा आलेख त्याच्यापुढे धरला: वारा उतरला तरी लाट गुरुवार पहाटेपर्यंत पावणेदोन मीटरच्या खाली येणार नव्हती. पाठीमागून लाट आणि तिला दाबून धरायला पुरेसा वारा नाही, अशा स्थितीत शीड फडफडते, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) आदळतो आणि नौका जोराच्या वाऱ्यापेक्षाही अधिक शिणते. आणखी एक रात्र थांबलो.

गुरुवार आणि शुक्रवार, मुरगावकडे

विशेष काही घडले नाही. दिवसा वायव्येचा, रात्री पूर्वेचा वारा, आणि लाट तासागणिक लांब व बुटकी होत गेली. वेंगुर्ल्याचे खडक मध्यरात्रीनंतर बरेच बाहेरून ओलांडले. शुक्रवारी सकाळी गोव्याचा आग्वाद किल्ला दिसला आणि दुपारच्या आधी मुरगावला नांगर पडला.

रविवार, नागपूर

घरी आल्यावर भाच्याने माझी नोंदवही आणि त्याने जपलेले सर्व अंदाज समोरासमोर मांडले. दुपारचा वारा दोन्ही मॉडेलांनी सरासरी दोन-तीन नॉटने कमी सांगितला होता. रात्रीचा मतलई दोघांनाही सापडला नव्हता. लाटेची उंची फार चांगली जुळली, तिच्या येण्याची वेळ तीन-चार तासांनी चुकली. या फरकांचा एक तक्ता करून तो त्याने दादाला पाठवला आहे. कारण फेब्रुवारीत नौका मुरगावहून कोचीला जायची आहे, आणि केरळच्या मध्य भागात हिवाळ्यात पालघाट खिंडीतून जो जोरदार पूर्वेचा वारा समुद्रावर उतरतो, तोही अरुंद पट्ट्यातला असल्याने विरळ जाळीच्या मॉडेलवर तो कितपत दिसेल याची शंका आहे. केरळच्या किनाऱ्यावरील पोन्नानीसमोरचा बिंदू घेऊन भाच्याने कालपासून रोजच्या चालनांची नोंद सुरू केली आहे.